दाविंची रिझॉल्व्हची मोफत आवृत्ती: काही महिन्यांच्या वापरानंतर

नवशिक्याने कोणतं एडिटिंग सॉफ्टवेअर घ्यावं, असं विचारलं की मिळणारं उत्तर बहुधा सांगणाऱ्याच्या मशीनला लागू पडणारं असतं. म्हणून आधी माझं सांगते. मोबाइलवर केलेलं शूटिंग, त्यात मुख्यतः बोलणारी माणसं, मधे मधे दुसरे शॉट, नावाच्या पट्ट्या आणि मागे हलकं संगीत. आधी केडेनलाइव्ह या दुसऱ्या मोफत एडिटरवर हात बसवला, मग रिझॉल्व्हकडे आले.

रिझॉल्व्ह फुकट असूनही व्हिडिओवर वॉटरमार्क टाकत नाही. फक्त स्टुडिओ या विकतच्या आवृत्तीतला इफेक्ट लावलात तर शिक्का येतो. मोफत आवृत्तीत ३८४० बाय २१६० पर्यंत, सेकंदाला ६० फ्रेमने एक्सपोर्ट होतं. नवशिक्याला याहून जास्त कशाला लागतंय? स्टुडिओसाठी पैसे एकदाच भरायचे असतात, प्रीमियर प्रोसारखं दरमहा भाडं नाही. मला स्टुडिओची आठवण एकाच ठिकाणी झाली. अंधारात घेतलेल्या चित्रात दाणे दिसतात, ते काढायची नॉइज रिडक्शनची सोय मोफत आवृत्तीत नाही. शूटिंगला एक दिवा जास्त लावायला लागले, प्रश्न मिटला.

उघडल्यावर खाली पानांची रांग दिसते आणि जरा धडकी भरते. मी कापाकापीचं एडिट आणि एक्सपोर्टचं डिलिव्हर ही दोनच पानं रोज वापरते, आवाजापुरतं फेअरलाइट. इफेक्टच्या फ्युजन पानाला हात लावलेला नाही आणि त्यावाचून काही अडलंही नाही. कलर पान मात्र वेळ देऊन शिकण्यासारखं आहे. दाविंची हे मुळात रंगसुधारणेचंच यंत्र. आता रिझॉल्व्ह बनवणाऱ्या ब्लॅकमॅजिकने २००९ मध्ये दाविंची ही कंपनी घेतली आणि एडिटिंग, आवाज वगैरे नंतर जोडत नेलं. कलर पानावर ते जाणवतं.

खरा त्रास मोबाइलच्या फाइलींचा, आणि तो कुठल्याही सॉफ्टवेअरमध्ये गाठतो. फाइल एवढीशी, तरी टाइमलाइनवर अडखळत चालते. कारण अनेक फोन ज्या एच.२६५ पद्धतीने व्हिडिओ दाबून साठवतात, तिच्यात बहुतेक फ्रेम पूर्ण साठवलेल्या नसतात, शेजारच्या फ्रेमपेक्षा काय बदललं तेवढंच असतं. मधल्या एखाद्या फ्रेमवर उडी मारली की तिच्या आसपासच्याही उलगडाव्या लागतात. यावर इलाज प्रॉक्सीचा: हलक्या प्रती बनवून त्यांवर कापाकापी करायची, एक्सपोर्ट मूळ फाइलींवरून होतो. ही सोय रिझॉल्व्हमध्ये आहे, केडेनलाइव्हमध्येही आहे.

दुसरी भानगड फ्रेम रेटची, म्हणजे सेकंदाला किती फ्रेम याची. अनेक फोन शूटिंग चालू असताना तो कमीजास्त करतात, मग लांब क्लिपमध्ये ओठ एकीकडे आणि आवाज दुसरीकडे. हँडब्रेक या फाइल बदलून देणाऱ्या सॉफ्टवेअरमधून कॉन्स्टंट, म्हणजे कायम एकच, फ्रेम रेटवर फाइल काढून घेतली की जमतं. रिझॉल्व्हमध्ये प्रोजेक्टचा फ्रेम रेटही क्लिप आत आणण्यापूर्वीच ठरवा, नंतर तो रकाना बदलता येत नाही.

प्रोजेक्ट सांभाळायची पद्धत मला अजून खटकते. केडेनलाइव्हमध्ये प्रोजेक्ट म्हणजे सरळ एक फाइल, क्लिपांच्या फोल्डरमध्ये ठेवा, हवी तिकडे न्या. रिझॉल्व्ह सगळं स्वतःच्या डेटाबेसमध्ये ठेवतं. फोल्डर हार्ड डिस्कवर कॉपी केलं म्हणजे बॅकअप झाला असं समजू नका. प्रोजेक्ट वेगळा एक्सपोर्ट करावा लागतो.

लिनक्सवाल्यांनी तर आधीच विचार करावा. तिथे मोफत रिझॉल्व्ह एच.२६४ची (एच.२६५च्या आधीची पद्धत) फाइल घेत नाही, म्हणजे मोबाइलचं बरंचसं शूटिंग आधी बदलून घ्या. केडेनलाइव्ह किंवा शॉटकट हा आणखी एक मोफत एडिटर तीच फाइल निमूट उघडतात. वेगळं ग्राफिक्स कार्ड नसेल, रॅम १६ जीबीपेक्षा कमी असेल, तरी याच दोघांपैकी एक घ्या. मॅक असेल तर आयमूव्ही फुकटच आहे, पहिले काही व्हिडिओ त्यावर आरामात होतील.

निवडण्याआधी स्वतःच्या फोनमधली सगळ्यात लांब क्लिप टाकून एक्सपोर्टपर्यंत जाऊन बघा. एका फुकट म्हणवणाऱ्या अ‍ॅपने सगळं काम झाल्यावर, अगदी शेवटच्या बटणावर माझ्याकडे पैसे मागितले होते. त्या चाचणीत मराठी शीर्षकही लिहा, ‘विद्यार्थी’, ‘दुसऱ्या’ असं काहीतरी. जोडाक्षरं फुटत असतील तर नुसता फॉन्ट बदलून भागेलच असं नाही, अक्षरं जुळवण्याचं काम सॉफ्टवेअरलाही यावं लागतं.

मी रिझॉल्व्हच ठेवलंय. जुन्या लॅपटॉपवर केडेनलाइव्हही आहे, दोन क्लिप जोडून पटकन पाठवायच्या असल्या की तेच उघडते.