सूत्रकृमी-प्रतिकारक टोमॅटोची रोपं: थंडीत पाच स्टार, उन्हाळ्यात दोनच

म्हापशाच्या बाजारात रोपं आणणाऱ्या एका नर्सरीकडून ही हायब्रीड रोपं घेतली, बियाण्याच्या पाकिटावर व्ही, एफ, एन अशी अक्षरं असतात त्यातलं एन म्हणजे नेमाटोड, आपल्या भाषेत सूत्रकृमी, मातीतला डोळ्यांना न दिसणारा बारीक जंत. भाव साध्या रोपाच्या जवळजवळ दुप्पट. पण गोव्यातल्या बार्देस तालुक्यात रेताड जमिनीत भेंडी, वांगी, टोमॅटो तिथल्या तिथेच लावणाऱ्यांना हा त्रास चांगला माहितीय, झाड दुपारी माना टाकतं, कितीही पाणी घाला उभारी येत नाही आणि उपटून बघितलं की मुळांना गाठीच गाठी. शेजारचे काका लांबूनच सांगतात, "मुळांक गांठी आयल्यात".

थंडीत लावलेली रोपं एकदम मस्त. बाजूच्याच सरीत साधा टोमॅटो होता, हंगाम संपल्यावर दोन्ही उपटून मुळं धुतली तर साध्याची मुळं गाठींनी जाडजूड झालेली आणि याची पांढरी स्वच्छ, एखाददुसरी बारीक गाठ सोडली तर काही नाही. फळंही शेवटपर्यंत आली.

आता हे होतं कसं ते सांगतो, कारण पैसे कशाचे देतोय ते कळायला हवं. सूत्रकृमीची अळी अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही लहान, मुळाच्या टोकाजवळून आत शिरते आणि मधल्या नळ्यांजवळच्या काही पेशींमध्ये आपल्या सुईसारख्या तोंडातून प्रथिनं सोडते. त्या प्रथिनांनी झाडाच्या जनुकांचा कारभारच बदलतो, संरक्षणाची बरीच जनुकं दबतात आणि पेशी वाढवणारी चालू होतात, पेशीतलं केंद्रक परत परत विभागतं पण पेशी काही विभागत नाही, म्हणून एकेका पेशीत ढिगाने केंद्रकं असलेल्या राक्षसी पेशी तयार होतात. मादी मग तिथेच बसून जेवते आणि शेकडो अंडी घालते. म्हणजे झाड स्वतःच्याच मुळात शत्रूसाठी स्वयंपाकघर चालवतं, आणि हे मला खरंच भयंकर वाटतं.

प्रतिकारक रोपात एमआय-1 नावाचं जनुक असतं, दक्षिण अमेरिकेतल्या पेरू देशाकडच्या एका जंगली टोमॅटोतून 1940च्या दशकात संकर करून आणलेलं, 1998 मध्ये ते नेमकं कुठलं ते सापडलं. या जनुकाच्या प्रथिनामुळे झाडाला अळीचा सुगावा लागतो आणि तिच्या तोंडाजवळच्या पेशी झाड आपणहून मारून टाकतं, मग तिला खायलाच मिळत नाही.

पण, आणि इथेच माझे तीन स्टार गेले, मातीचं तापमान साधारण 28 अंशांच्या वर गेलं की हे जनुक काम करेनासं होतं. गोव्यात मार्चनंतर उघड्या जमिनीत दुपारी काय तापतं ते सांगायला नको. तरी नर्सरीवाला उन्हाळ्यातही तीच रोपं तोच भाव लावून विकत होता, वर "हांकां कीड लागची ना" असं सांगत होता, आणि पाकिटावरही तापमानाचा एक शब्द नाही. मी मार्चमध्ये लावलेल्या रोपांना गाठी आल्या. ज्याने कर्ज काढून लावलं असेल त्याने काय करायचं? विकणाऱ्याने हे सांगायलाच पाहिजे.

अजून एक, हे जनुक सगळ्या सूत्रकृमींना अडवत नाही. इन्कॉग्निटा, जाव्हानिका, अरेनारिया या तीन जातींवर चालतं, एन्टेरोलोबीवर चालत नाही, ही जात पेरूच्या बागांत भारतातही आढळलीय, तेव्हा पेरूजवळ टोमॅटो लावणार असाल तर भरवसा ठेवू नका.

उन्हाळ्यात लावायचंच असेल तर माडाची चुडतं, पेंढा पसरून माती थंड ठेवा, निंबोळी पेंड घाला, आधी झेंडू घेतलेला असेल तर बरं. पावसाळ्यात भाताचं पाणी साठणाऱ्या शेतात भाजी करणाऱ्यांना तसाही त्रास कमी, पाण्याखाली या सूत्रकृमी बऱ्याच मरतात, त्यांनी दुप्पट पैसे देऊ नयेत. भरडात म्हणजे पाणी न साठणाऱ्या उंच जमिनीत, कुळागरात म्हणजे पोफळीच्या बागेत, परसात लावणाऱ्यांनी मात्र नक्की घ्यावीत, फक्त ऑक्टोबरमध्येच नर्सरीला सांगून ठेवा, दिवाळीनंतर रोपं पटापट संपतात.