मम्मा मिया : गच्चीवर पहिला लावायचा की दुसरा?

कोजागिरी जवळ आली की नागपुरातल्या आमच्या प्रतापनगरच्या बिल्डिंगमध्ये दोनच प्रश्न उरतात: दूध किती लिटर आणि पडद्यावर काय. दुधाचं ठरलेलं असतं. पडद्याचं काम तीन वर्षांपूर्वी माझ्या गळ्यात पडलं, कारण हौशी गायकांच्या जुन्या गाण्यांच्या कार्यक्रमांत मी निवेदन करतो आणि त्यामुळे मला गाण्यातलं कळतं असा लोकांचा समज आहे. मी 'मम्मा मिया' सुचवला, अ‍ॅबा या स्वीडिश बँडच्या गाण्यांवर रचलेला इंग्रजी सिनेमा. ग्रुपवर कुणीतरी 'मामा मिया' टाइप केलं, अ‍ॅबाचं 'आबा' झालं, आणि पहिल्या माळ्यावरच्या काकांनी विचारलं, "आबांची गाणी, मामांचा सिनेमा, म्हणजे घरचंच कार्य होय का?"

त्या वर्षी पहिला भाग लावला, 2008 चा. पुढच्या वर्षी दुसरा, 2018 चा. तिसऱ्या वर्षी पुन्हा एकदा निवड करायची वेळ आली. आता मनीषनगरच्या एका मित्राच्या सोसायटीत हाच पेच पडलाय, म्हणून जरा सविस्तर लिहितो. ग्रीक बेट, डोनाचं मोडकळीला आलेलं हॉटेल, लेक सोफीचं लग्न आणि तिने परस्पर बोलावलेले तीन संभाव्य बाप (सॅम, बिल, हॅरी), एवढं तुम्हाला माहीत आहे असं धरून चालतो. वडीलधाऱ्यांसमोर हा विषय कसा चालेल याची धाकधूक असेल तर आमच्याकडच्या आजींचं मत ऐका: "तिघंही आले नं बाप्पा, हेच लय झालं."

या प्रकारच्या सिनेमात गाणी आधीच तयार असतात आणि कथा मागून येते. आधी कळस मग पाया. निवेदकाला यात नवल वाटत नाही, आमचा धंदाच तो. बारा गाण्यांची यादी हातात येते आणि दोन गाण्यांच्या मधे पूल बांधायचा असतो. एकदा पावसाच्या गाण्यावरून देशभक्तीच्या गाण्यावर जायला मी सीमेवर भिजत उभा असलेला जवान आणला होता. टाळ्या पडल्या, लाज नंतर वाटली. पहिल्या भागाची पटकथा बरीचशी त्या जवानासारखी आहे. डोना बाथरूममध्ये रडत बसली, की मैत्रिणींना सांत्वनाचं गाणं सुचलंच. पैशाचा विषय निघाला की पैशाचं गाणं. पूल दिसतो, पुलाचे खिळेसुद्धा दिसतात.

पण काही ठिकाणी हा निवेदक भलताच हुशार निघतो. 'डझ युवर मदर नो' हे मुळात पुरुषाने गायलेलं गाणं, मागे लागलेल्या कोवळ्या मुलीला परतवणारं. सिनेमात ते डोनाची मैत्रीण टान्या गाते, पन्नाशीची बाई, समुद्रकिनाऱ्यावर गोंडा घोळणाऱ्या पोराला. गाणं तेच, पण अख्खं फिरवून ठेवलेलं. आमच्या गच्चीवर सगळ्यात मोठा हशा इथेच पिकला, आणि तो पुरुषांच्या बाजूने नव्हता.

दुसऱ्या भागाचे पूल पक्के आहेत, हे कबूल करायलाच हवं. दिग्दर्शक बदलला, फिलिडा लॉइडच्या जागी ऑल पार्कर आला आणि एका गाण्यातून दुसऱ्यात जाणं, एका काळातून दुसऱ्यात सरकणं हे सगळं सफाईदार झालं. गळेही बरे आहेत. तरुण डोना झालेली लिली जेम्स मोकळ्या आवाजात गाते. पॅरिसच्या रेस्टॉरंटमधलं 'वॉटर्लू' तर धमाल. पहिल्या भागात हे गाणं शेवटच्या श्रेयनामावलीत उरकलं होतं, इथे त्याला हक्काची जागा मिळाली. अडचण एवढीच की मोठी गाणी पहिल्याने आधीच वापरून टाकली होती. त्यातली काही पुन्हा घेतली आणि बाकी डब्याच्या तळातली काढली. अ‍ॅबाच्या भक्तांना ती आवडतात. आमच्या गच्चीवर भक्त तीन, त्यातला एक मी.

मग बाकीच्यांना काय ओळखीचं? मलाही हाच प्रश्न होता. अशा सिनेमाचा अर्धा आनंद ओळख पटण्यात असतो, आणि अ‍ॅबा आमच्याकडे घराघरात वाजत नव्हतं. पण पहिल्या भागात डोना बकऱ्यांच्या गोठ्याच्या छपरावरून त्या तिघांना बघते आणि 'मम्मा मिया' सुरू होतं, तेव्हा मागच्या खुर्चीवरून आवाज आला, "अरे, हे तर 'मिल गया हमको साथी'!" बरोबर होतं. 'हम किसीसे कम नहीं', 1977, आरडी बर्मन. चाल इथूनच उचललेली. त्यानंतर गच्चीवर दोन भाषांत एकच गाणं चाललं आणि डोना झालेली मेरिल स्ट्रीप छपरातून खाली पडली तरी कुणाचं लक्ष नव्हतं. दुसऱ्या भागातही हे गाणं आहे, तरुण डोनाच्या तोंडी, पण संथपणे सुरू होतं. ओळख पटेपर्यंत मागच्या खुर्चीची झोप लागली होती.

आता सॅम झालेला पियर्स ब्रॉस्नन. त्याच्या गाण्याबद्दल तुम्ही ऐकलं असेलच. पहिल्या भागासाठी त्याला त्या वर्षीची रॅझी मिळाली, म्हणजे सर्वांत वाईट कामाची ट्रॉफी. घरी एकट्याने बघताना मलाही त्रास झाला होता. पण गच्चीवर तोच माणूस लाडका ठरला, कारण आमच्या कराओके ग्रुपमध्ये असे एक काका आहेत: सूर पायरीवरच राहतो, माणूस मात्र वर पोहोचलेला असतो. भावना शंभर टक्के, म्हणून कुणी थांबवत नाही. पडद्यावर तसाच एक जण दिसल्यावर सगळे त्याच्या बाजूने झाले. दुसऱ्या भागात त्याला शहाणपणाने थोडकंच गाऊ दिलंय. सिनेमा सुधारला, आमची गंमत गेली.

आणखी एक गोष्ट, जिचा दर्जाशी संबंध नाही. पौर्णिमेच्या रात्री चादरीवर सिनेमा दाखवायचा म्हणजे चंद्राशी स्पर्धा. पहिला भाग बराचसा उन्हात आहे, स्कोपेलोसच्या निळ्या-पांढऱ्या उन्हात, ते ऊन बर्डीवरून भाड्याने आणलेल्या प्रोजेक्टरमधूनही टिकलं. दुसरा ग्रीसमध्ये नाही, क्रोएशियाच्या व्हिस बेटावर चित्रित झालाय, आणि त्यात वादळं आहेत. वादळात आमच्या चादरीवर राखाडी डाग हलताना दिसले. तुमच्याकडे एलईडी भिंत असेल तर हा मुद्दा सोडून द्या.

या सगळ्यावर मी दुसरा भाग माफ केला असता. फिरलं ते भलत्याच गोष्टीवरून. दुसरा भाग दोन काळांत चालतो: 1979 ची डोना आणि आताची सोफी. डोना, तिच्या दोन मैत्रिणी आणि ते तीन पुरुष, अशी सहा माणसं दोन-दोन नटांनी केलीत. सहा पात्रं, बारा चेहरे. घरी सोफ्यावर बसून बघताना यात काही कठीण नाही. पण कोजागिरीला कुणी जागचं बसतं का? एक जण आलूबोंडे आणायला खाली जातो, एक जण दुधाला ढवळा मारायला, एकीचं पोर झोपलं की नाही बघायचं असतं. परत आला की शेजारच्याला विचारतो, "हा कोन होय?" बिल. "मघाशीचा बिल कुठं गेला?" हा तरुणपणीचा. "मग तो दाढीवाला?" तोही बिलच. त्या रात्री मी सिनेमा बघितला नाही, निवेदन केलं, दोन तास, बिदागीशिवाय. त्यात शेर ही अमेरिकन गायिका-नटी आली. सोफीची आजी, म्हणजे स्ट्रीपची आई. शेरचा जन्म 1946 चा, स्ट्रीपचा 1949 चा. काकू म्हणाल्या, "ही आई? आणि ती लेक?" याचं उत्तर माझ्याकडेही नव्हतं. ज्यांना पहिला भाग आठवत होता त्यांनी वेगळीच तक्रार काढली: पहिल्यात डोनाच्या डायरीत आधी सॅम भेटतो, इथे पॅरिसमध्ये हॅरीच आधी कसा? बरोबर पकडलं होतं. मी दूध वाढायला उठलो.

पहिल्या भागात असं होत नाही. अर्धा तास गायब राहून या, डोना डोनाच असते, बाप तिघंच असतात, लग्न अजून व्हायचं असतं. 'डान्सिंग क्वीन'च्या वेळी गावातल्या बायका हातातलं काम टाकून धक्क्याकडे धावत सुटतात, तेव्हा आमच्याकडच्या तिघी पातेलं सोडून वर आल्या. त्यांना आधीचं काही विचारावं लागलं नाही.

दुसऱ्याची एक जागा मात्र पहिल्यात कुठेच नाही. शेवटी सोफीच्या बाळाच्या नामकरणाला, आता हयात नसलेली डोना चर्चमध्ये लेकीला दिसते आणि दोघी 'माय लव्ह, माय लाइफ' गातात. तोवर झालेले सगळे गोंधळ इथे वसूल होतात. आमच्या बिल्डिंगमधल्या एका वहिनींची आई त्याच उन्हाळ्यात गेली होती. त्या गाणं संपायच्या आधीच उठून खाली गेल्या आणि दुधाला वर आल्या नाहीत. तुमच्या सोसायटीत असं कुणी असेल तर लावण्याआधी एकदा विचार करा. एकट्याने, इयरफोन लावून बघायचा असेल तर मात्र मी दुसरा भागच सुचवेन, आणि या एका गाण्यासाठी सुचवेन. पहिल्यात त्या तोडीला फक्त 'द विनर टेक्स इट ऑल' येतं: कड्यावरच्या चर्चकडे चढताना स्ट्रीप ब्रॉस्ननसमोर उभी राहून गाते आणि ब्रॉस्नन, देव त्याचं भलं करो, गप्प राहतो. तिथे तर चंद्रही आड आला नाही.

तुमची गच्ची वेगळी असेल. माणसं शिस्तीत बसणारी असतील, सगळ्यांनी पहिला भाग बघितलेला असेल, तर दुसरा लावून बघायला हरकत नाही. सिनेमा म्हणून तो उजवा आहे असं म्हणणाऱ्याशी मी वाद घालणार नाही. आम्ही तिसऱ्या वर्षी पहिलाच लावला आणि यंदाही प्रोजेक्टरवाल्याला तेच सांगून ठेवलंय. फक्त एक लक्षात ठेवा: नावं यायला लागली म्हणून लॅपटॉप बंद करू नका. पहिल्या वर्षी मी केला होता. त्या नावांच्या मधेच तिघी मैत्रिणी झगमगीत पोशाखात परत येतात आणि समोर बघून विचारतात, अजून एक हवं का. काका मला अजून ऐकवतात. पातेलं नेमकं तेव्हाच वर आणायला सांगा.