आठ महिने, तीन भागीदार, एक विमान: शनिवार-रविवार बंगळूर गाठण्याचा हिशोब

गेल्या ऑक्टोबरात आम्ही तिघांनी मिळून चार आसनी, एका इंजिनाचं विमान घेतलं. मी गोकुळ शिरगावात ओतकामाची फाउंड्री चालवतो, दुसरा माझा मेहुणा, इचलकरंजीत डॉक्टर, आणि तिसरे आमचे एक गूळ व्यापारी मित्र. उडवायचं लायसन मेहुण्याकडे आणि माझ्याकडे. व्यापारी मित्रांकडे फक्त हौस आणि चेकबुक. पेढे वाटले तेव्हा प्रत्येकाने एकच विचारलं, "मग आता बंगळूर किती वेळात?" मी छाती फुगवून सांगायचो, सव्वादोन तास. आज जून उजाडलाय, विमान कापडाखाली झाकून ठेवलंय, म्हणून त्या सव्वादोन तासांचा खरा हिशोब लिहायला बसलो.

बंगळूर कशासाठी, तर मुलगी तिकडे नोकरीला आहे, इंदिरानगरात राहते. रस्त्याने सहाशेच्या वर किलोमीटर, हुबळी-दावणगेरे करत दहा-अकरा तास. मिरजेहून राणी चन्नम्मा एक्सप्रेस आहे, कावळा नाक्यावरून रात्रीच्या स्लीपर बस आहेत, तिकिटाचं विमानही कोल्हापुरातून उडतं. म्हणजे गरज होती असं म्हणणं खोटं ठरेल. नाद होता. किंमत सांगत नाही. एवढंच सांगतो की त्या पैशात एक बरी सीएनसी शेड उभी राहिली असती आणि हे घरात दर महिन्याला एकदा तरी ऐकवलं जातं.

आधी यंत्राबद्दल, कारण तक्रारी नंतर भरपूर आहेत. बहुतेक छोट्या विमानांना अ‍ॅवगॅस नावाचं वेगळं पेट्रोल लागतं आणि ते आपल्याकडे मोजक्याच ठिकाणी मिळतं. 2022 पर्यंत तर सगळं बाहेरून यायचं, त्या वर्षी इंडियन ऑइलने वडोदऱ्याच्या रिफायनरीत बनवायला घेतलं. ती कटकट नको म्हणून आम्ही डिझेल इंजिनवालं विमान पाहिलं. याला मोठ्या विमानांचंच इंधन चालतं. इंजिन मर्सिडीजच्या गाडीतल्या 2 लिटरच्या डिझेलवरून घडवलेलं, आणि ब्लॉक बिडाचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा! पहिल्यांदा कव्हर उघडलं तेव्हा मी अर्धा तास तिथेच. आमच्या मोल्डिंगच्या फोरमनला मुद्दाम नेऊन दाखवलं. तो वाकून बघत म्हणाला, "साहेब, ह्यो आपल्याकडं पण निघंल की." निघेल न निघेल, पण उडणाऱ्या वस्तूत बीड बघून माझ्यासारख्याचा जीव जरा खाली बसतो. पॉवरला एकच लिव्हर आहे, हवा-इंधनाचं मिश्रण कमी-जास्त करायची भानगड नाही. तासाला साधारण 25 लिटर पितं. आठ महिन्यांत इंजिनने एकदाही त्रास दिला नाही, हे आधीच लिहून ठेवतो.

आता वजन. हे कुणी सांगत नाही. चार खुर्च्या म्हणजे चार माणसं, असा आपला समज. रिकामं विमान 900 किलोच्या आसपास, उडताना जास्तीत जास्त 1280 चालतं. राहिले 380. त्यात 120 लिटर इंधन, म्हणजे लिटरला 0.8 किलो धरून 96 किलो गेले. उरलेल्या 284 किलोत माणसं, बॅगा आणि कोल्हापूरचा पाहुणचार. तांबडा-पांढरा खाऊन वाढलेली चार माणसं यात बसत नाहीत. पहिल्याच फेरीला व्यापारी मित्रांनी लेकीसाठी म्हणून 10 किलोची गुळाची ढेप आणली होती, बायकोने चटणीच्या दोन बरण्या, मेहुण्याने स्वतःला. फाउंड्रीच्या डिस्पॅचमध्ये कास्टिंग तोलायचा काटा आहे, त्यावर सगळ्यांना उभं केलं. मेहुण्याने कापशीच्या चपला काढून ठेवल्या, जणू चपलांशिवाय विमानात बसणार होता. बायको कामगारांसमोर काट्यावर चढायला तयार होईना. शेवटी सगळ्यांना जेवायला पाठवलं, तेव्हा चढली. आकडा फक्त मला दाखवला, आणि तो मी इथे लिहिणार नाही. गुळाची ढेप गेली, मेहुणा राहिला. तेव्हापासून नियम पक्का: तीन माणसं आणि 40 किलोपर्यंत सामान.

आमची धावपट्टी उजळाईवाडीची, म्हणजे कोल्हापूरची. छत्रपती राजाराम महाराजांनी 1939 साली सुरू केलेला हा विमानतळ समुद्रसपाटीपासून साधारण दोन हजार फुटांवर आहे आणि बंगळूर त्याहून हजारभर फूट उंच. उन्हाळ्यात उंचावरची हवा विरळ होते, विमान उचलायला जास्त धाव लागते. आधी बंगळूरच्याच जक्कूर या छोट्या विमानतळावर उतरायचा विचार होता, पण तिथली धावपट्टी आखूड, शेजारी उंच रस्ता. नवशिक्याने तिथे मर्दुमकी दाखवू नये. म्हणून आम्ही जुन्या एचएएल (हिंदुस्तान एरोनॉटिक्स) विमानतळावर जातो. 2008 साली देवनहळ्ळीला नवा विमानतळ झाला आणि प्रवासी वाहतूक इथून हलली, पण खासगी विमानं अजून उतरतात. तीन किलोमीटरच्या वर लांब पट्टी. तेजस लढाऊ विमानांची उड्डाणं होतात तिथे आपण आपली डबडी घेऊन उतरायचं, पट्टीचा पाव भागही लागत नाही. इंदिरानगर तिथून जवळ, इंधन तिथेच भरून मिळतं. देवनहळ्ळीहून शहरात यायला लागणारा वेळ वाचतो, हा खासगी विमानाचा खरा फायदा आहे. उडण्यात नाही, उतरण्यात.

आता घड्याळ. शनिवारी पहाटे साडेचारला उठायचं. चहा अर्धा कप, कारण विमानात सोय नाही आणि अडीच तास फार मोठे असतात. साडेपाचला विमानतळावर. सुरक्षा तपासणी, मग टॉर्च घेऊन विमानाभोवती प्रदक्षिणा: इंधनातलं पाणी काढून बघायचं, तेल बघायचं, पंख्याच्या पात्यांवरून बोट फिरवायचं. हवामान बघायचं. फ्लाइट प्लॅन आदल्या दिवशी भरलेला असतो, पण हवाई दलाकडून एडीसी नंबर (हवाई संरक्षणाची परवानगी) आणि उड्डाण माहिती केंद्राकडून एफआयसी नंबर आल्याशिवाय इंजिन सुरू करायचं नाही. सगळं जुळून आलं तर सव्वासातला चाकं उचलतात, पावणेदहाला टेकतात, विमान बांधून, पावत्या फाडून साडेदहाला गेटबाहेर, अकराला लेकीच्या दारात. साडेसहा तास झाले. गाडीपेक्षा साडेतीन-साडेचार तास वाचले. आणि स्लीपर बसने गेलो असतो तर? झोपेत पोचलो असतो. मेहुणा हे गणित कुणाला सांगू नको म्हणतो.

परतीचं तर विचारूच नका. मी आणि मेहुणा दोघंही डोळ्यांना दिसेल तेवढ्यावर उडवणारे, म्हणजे अंधार पडायच्या आत खाली आलंच पाहिजे. डिसेंबरात कोल्हापुरात सहाच्या सुमारास सूर्य मावळतो. म्हणून रविवारी जेवून लगेच निघायचं. लेक म्हणते, "बाबा, तुम्ही येता तेव्हा निम्मा वेळ घड्याळ बघता." खरं आहे.

डिसेंबरातल्या एका रविवारी मी जो घोळ घातला तो सांगितला पाहिजे. फ्लाइट प्लॅनमध्ये वेळ आपल्या घड्याळाची लिहायची नसते, जागतिक वेळ लिहायची, म्हणजे साडेपाच तास मागची. दुपारी एकला निघायचं तर 0730. मी घाईत 1300 लिहिलं. म्हणजे सरकारदरबारी आमचं उड्डाण संध्याकाळी साडेसहाचं! विमानाजवळ उन्हात बायको आणि आई उभ्या, काचेची छत्री वर उघडून ठेवलेली, कारण बंद केली की आत भट्टीच होते. मी फोनवर फोन करतोय. समोरच्या माणसाने शांतपणे सांगितलं, "सर, आपका तो शाम का है." नवा प्लॅन, नवे नंबर, सव्वातीन वाजून गेले. अडीच तास धरले तर सूर्यास्ताच्या दाराशी पोचणार, आणि वाटेत जरा वारा आडवा आला की संपलं. नाही उडालो. विमान तिथेच बांधलं, तिघंही रात्रीच्या स्लीपरने निघालो, सकाळी कावळा नाक्यावर उतरून मी थेट भट्टीवर. पुढचा शुक्रवार पुन्हा बसने बंगळूर, विमान आणायला. आठवडाभराचं पार्किंग वेगळं. त्या दिवसापासून डॅशबोर्डवर दुसरं घड्याळ चिकटवलंय, साडेपाच तास मागे लावलेलं. बायकोने त्यावर चिठ्ठी लावली आहे: "हे बघा."

ठरवलेल्या 19 फेऱ्यांपैकी 11 झाल्या. न झालेल्यांची कारणं बहुतेक कोल्हापूरची आहेत. हंगामात उसाचा पाला पेटवतात, त्यात पंचगंगेवरचं धुकं मिसळलं की सकाळी काही दिसत नाही. आम्हाला निदान 5 किलोमीटर स्वच्छ दिसायला हवं, तीन वेळा तेवढंही दिसलं नाही. नऊ वाजता उन्हं आली की निघता येतं, पण मग मुक्कामाचा निम्मा शनिवार गेला. फेब्रुवारीत बंगळूरजवळ येलहंकाला एअरो इंडिया हे विमानांचं प्रदर्शन होतं, त्या काळात बंगळूरच्या आकाशात आमच्यासारख्यांना जागा कुठली. एप्रिल-मेमध्ये वळीव. दुपारनंतर गडहिंग्लज-बेळगावकडे ढग असे उभे राहतात की त्यांच्या जवळ जायची कल्पनाही करू नये. दोन फेऱ्या तिथे गेल्या. एक माझ्या भट्टीच्या लायनिंगने खाल्ली, एक वार्षिक तपासणीने. यंदा पाऊस मे महिन्यातच आला आणि हंगाम आटोपला.

बाकी खर्च: लोक इंधनाचं विचारतात, ते सगळ्यात कमी आहे. विमा, जागेचं भाडं, दर वर्षीचं प्रमाणपत्र, लायसनवाल्या इंजिनिअरची तपासणी, हे विमान उडो न उडो चालूच. एखादा सुटा भाग परदेशातून यायला लागला की कस्टम्स. भाड्याने देऊन वसूल करू, असं व्यापारी मित्रांचं म्हणणं होतं. खासगी विमानात एक रुपयाही भाडं घेता येत नाही, हे त्यांना तीनदा समजावलं. आणि खासगी लायसनवर पैसे घेऊन उडवताही येत नाही. बारामतीला शिकताना हे पहिल्या आठवड्यात कानावर पडतं. अट 40 तासांची होती, मला 61 लागले, पन्नाशीत शिकलो म्हणून.

मग 11 वेळा गेलो ते कशासाठी?

जानेवारीतल्या एका सकाळी आई मागच्या सीटवर होती. वय 76. कानावर हेडसेट, त्यावरून पदर घेतलेला. निपाणी मागे पडली, हिडकलचं पाणी चमकून गेलं, बेळगावशी रेडिओवर बोलणं झालं. साडेसात हजार फुटांवर खालच्यापेक्षा दहा-अकरा अंशांनी गार, हवा थोडीही हलत नव्हती. कोल्हापूर सोडून पस्तीस मिनिटं झाली असतील, पुढे मलप्रभेचा जलाशय पसरलेला दिसला. मी म्हटलं, "आई, उजवीकडे बघ. सौंदत्ती." ती जरा वेळ शोधत राहिली. मग यल्लम्माचा डोंगर ओळखला. लहानपणी मार्गशीर्षात बैलगाडीतून आली होती ती इथे, नंतर एसटीने, रात्रभर गाणी म्हणत. हेडसेटमध्ये एकदम तिचा आवाज आला, "उदो गं आई, उदो." मायक्रोफोन तोंडाशी होता, तिला कल्पना नव्हती. माझ्या कानात तो उदो इतका जवळून कुणी म्हटलेला नव्हता.

मग म्हणाली, "जरा खाली घे की. दर्शन करून जाऊ."

म्हटलं, "इथं उतरता येत नाही."

"विमान आपलंच हाय नव्हं?"

काय सांगणार. पुढे चळ्ळकेरेजवळ डीआरडीओची, म्हणजे संरक्षण संशोधनवाल्यांची, चाचणीची हद्द आहे, तिच्यापासून लांबून जावं लागतं. मी नकाशात डोकं घातलं. आई तुमकूरपर्यंत बोलली नाही. पुढच्या आठवड्यात तिला गाडीने सौंदत्तीला नेऊन आणलं, पाच तास जायला, परत यायला तेवढेच. वाटेत संकेश्वरला चहा प्यायली, पोटभर बोलली.

गुण द्यायचेच तर यंत्राला दहापैकी नऊ. शनिवार-रविवारची सोय म्हणून चार, तेही एचएएल इंदिरानगरच्या शेजारी आहे म्हणून. ज्याला सोमवारी सकाळी हजर राहायलाच लागतं, त्याने या वाटेला जाऊ नये. ज्याचा मंगळवार मोकळा आहे त्याने जरूर जावं. काचेतून ऊन येतं, टोपी आणि पूर्ण बाह्यांचा शर्ट ठेवा, एसी नाही. मागे बसणाऱ्याला आधीच सांगा की उन्हाळ्यात नऊनंतर विमान एसटीसारखं उडतं, उलटीची पिशवी हातात द्या, खिशात नको.

व्यापारी मित्र आता त्यांचा हिस्सा काढायचा म्हणतात. परवा सांगलीहून एका गृहस्थांचा फोन आला, त्यांना बघायचंय. मी म्हटलं, या, ऑक्टोबरात पहिल्या शनिवारी, पहाटे पाचला, थेट फाउंड्रीवर. ते म्हणाले, फाउंड्रीवर कशाला? म्हटलं, काटा तिथं आहे.