घरी सर्व्हर: जुना रॅक घ्यावा की मिनी पीसी?

ऑफिसातून निघालेला डेलचा पॉवरएज आर७२० हा रॅक सर्व्हर (चौकटीत आडवा बसणारा मोठा संगणक) स्वस्तात दिसला की हात शिवशिवतात. मॉडेल २०१२ चं, पण दोन झिऑन (इंटेलचे सर्व्हरसाठीचे प्रोसेसर), चुका स्वतः दुरुस्त करणारी ईसीसी रॅम, पुढे डिस्कची रांग. त्याच्याशेजारी इंटेलच्या कमी वीज खाणाऱ्या एन१०० प्रोसेसरचा मिनी पीसी म्हणजे जेवणाचा डबा.

किंमत मात्र एकदाच जाते, वीजबिल दर महिन्याला येतं. रॅक नुसता चालू ठेवला तरी १००-१५० वॉट ओढतो. १२० धरले तर महिन्याला ८६ युनिट. मिनी पीसी १० वॉटवर बसतो, म्हणजे ७ युनिट. महावितरणचा घरगुती दर १००, ३०० आणि ५०० युनिटला चढतो. तुमचा वापर २५० असेल, तर रॅकमुळे वरचे ३६ युनिट थेट महागड्या टप्प्यात जातात.

आवाजाचं तर विचारूच नका. मी सहा महिने रॅक हॉलमध्ये ठेवला होता. त्या काळात आमच्या टीव्हीचा आवाज कायम चार घरं वर असायचा. माळ्यावर टाकावा, तर हा धूड जवळपास ७० सेंटीमीटर खोल, आणि तिथे उष्णता कोंडते. रॅकच्या दोन पॉवर सप्लायचं (एक गेला तरी दुसऱ्यावर चालावं म्हणून) कौतुकही घरात फुकट: दोन्ही पिना एकाच बोर्डात, लाईट गेली की दोन्ही एकदम गार.

तरी रॅक कोणी घ्यावा? ज्याला प्रॉक्समॉक्सवर (एकाच संगणकात अनेक आभासी संगणक चालवणारी प्रणाली) दहा-बारा व्हर्च्युअल मशीन चालवून शिकायचंय त्याने. रॅमचे २४ स्लॉट आणि आयड्रॅकवरून (डेल सर्व्हरमधली देखरेखीची वेगळी चिप) मशीन लांबूनच चालू-बंद करण्याची सोय अशा मिनी पीसीत मिळणार नाही. चार-सहा मोठ्या डिस्कही आत नीट बसतात. मिनी पीसीला त्या यूएसबीने लटकवाव्या लागतात, आणि केबल हलली की डिस्क गायब.

फोटो, सिनेमे, जाहिराती अडवणारं पाय-होल एवढंच हवं असेल, तर माझं मत एन१०० लाही नाही. लेनोवोचा जुना छोटा पीसी, थिंकसेंटर एम७२०क्यू, शोधा. ३२ जीबी रॅम आरामात बसते आणि वीजही बेताचीच लागते.

बाहेरून घरच्या सर्व्हरवर यायचं, तर दोघांची अडचण सारखीच. नेटवाला सीजीनॅटमागे ठेवतो (अनेक ग्राहकांना एकच सार्वजनिक आयपी पत्ता, त्यामुळे बाहेरून थेट घरी पोचता येत नाही), मग टेलस्केल लावा, म्हणजे तुमच्या उपकरणांना आपसात जोडणारं खासगी नेटवर्क.

इन्व्हर्टर असेल तर मागचं बटण ‘इको’वर नाही ना, एवढं पाहा. ‘यूपीएस’वर नसेल, तर लाईट जाताना मशीन रीस्टार्ट होण्याची धास्ती राहते.