चाप हलका करून देतो म्हणणाऱ्याच्या हाती रायफल देऊ नका

आमची केळी रावेर तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी. घड लागलेली खोडं रानडुकरांनी एका रात्रीत आडवी केली की काय होतं, ते केळीवाल्यालाच विचारा. पीक संरक्षणाच्या परवान्यावर वडिलांपासूनची .315 बोअर रायफल घरात आहे. तिचा चाप फार जड, ओढता ओढता नळी हलायची.

कार्तिकात एका सोयऱ्याच्या ओळखीने एक जण घरी आला. "काय भो, एवढंच ना? विलायती पार्ट टाकतो, चाप लोण्यासारखा होईल." चार हजार घेतले आणि रायफल दोन दिवस घेऊन गेला. मी नेऊ दिली, ही माझी घोडचूक.

परत आली तेव्हा चाप खरंच हलका. चौथ्या दिवशी ओट्यावर बसून, रिकामी रायफल मातीच्या ढिगाकडे धरून बोल्ट (गोळी आत ढकलून नळी मागून बंद करणारा दांडा) जरा जोरात बंद केला आणि टक्! आतली पिन आपोआप सुटली. बोट चापाजवळही नव्हतं. पुन्हा केलं, पुन्हा टक्. नातू दोन हातांवर गोट्या खेळत होता.

जळगावच्या परवानाधारक गनस्मिथकडे नेली. त्याने उघडून भिंगातून दाखवलं. विलायती पार्ट कुठला! जुन्याच सिअरवर, म्हणजे चाप ओढेपर्यंत आतली पिन अडवून धरणाऱ्या तुकड्यावर, कानशीचे आडवे ओरखडे. या तुकड्याचा वरचा पातळ थरच तेवढा कडक केलेला असतो. तो घासला की आतलं मऊ पोलाद उघडं पडतं, झिजत जातं, पकड केसाएवढी उरते आणि धक्क्याने सुटते. स्प्रिंगही वाकवून ढिली केलेली. चाप जड होता तो मुख्यतः आत गोठलेल्या जुन्या तेलामुळे. ते चिकट तेल अजून तसंच होतं. आधी नीट सफाई, गरज पडलीच तर कोन न बदलता दगडाने हलकं पॉलिश, मग रिकाम्या रायफलचा बोल्ट आपटून तपासणी, असं ते काम असतं म्हणे.

त्या माणसाला फोन केला. म्हणाला, "जा की पोलीस ठाण्यात, आधी तुमचंच लायसन्स जाईल." शस्त्र अधिनियम 1959 प्रमाणे दुरुस्तीलाही परवाना लागतो, आणि विनापरवाना माणसाकडे हत्यार सोपवणं हा माझाही गुन्हा. त्याचा धंदा या भीतीवरच चालतो. मी वकिलाला विचारून ठाण्यात सगळं लिहून दिलं, माझ्या चुकीसकट.

रायफल दुकानात जमा आहे. नवा सिअर मिळेपर्यंत मी आणि थोरला मुलगा रात्री डबे बडवत बांधावर जागतोय.