धामापूरच्या तळ्याकाठी: तंबू की कौलारू खोली?

सिंधुदुर्गात मालवणजवळच्या धामापूरला मुक्काम करायचा, तर डिसेंबर-जानेवारीत तंबू, एरवी चिऱ्याची कौलारू खोली. तंबूत पहाटे धनेशाच्या (मोठ्या चोचीचा हॉर्नबिल पक्षी) पंखांचा आवाज थेट कानावर येतो. पण झडपा गच्च बंद करून झोपलात, की श्वासाची वाफ आतल्या कापडावर साचून अंथरुणावर ठिबकते. वरची जाळी चार बोटं उघडी ठेवा, बाहेरचं कापड आतल्याला टेकू देऊ नका. जांभ्यात, म्हणजे इथल्या लाल दगडी जमिनीत, खुंट्या शिरत नाहीत. दोऱ्या जड दगडांना बांधाव्या लागतात.

खोलीत ही कटकट नाही. जाड भिंत एप्रिलच्या दुपारीही बऱ्यापैकी गार. वीज गेली की पंखा बंद, म्हणून मच्छरदाणी आधीच मागून घ्या. पावसाळ्यात तंबूचं नावच नको.

तळं १५३० सालचं, भगवतीच्या देवळाला लागून. साबण लावून पाण्यात उतरणं तंबूवाल्यांनी आणि खोलीवाल्यांनी, दोघांनीही टाळावं.