सेकंडहँड सॅम्पलर घेताय? ४०४ एसएक्स, एमपीसी १००० आणि पीओ-३३

लॅपटॉप बंद ठेवून बोटांनी बीट बनवायची आहे आणि खिसा बेताचा आहे, तर जुन्या बाजारात मला तीनच सॅम्पलरचा, म्हणजे आवाज रेकॉर्ड करून बटणांवर वाजवणाऱ्या मशीनांचा, विचार करावासा वाटतो. टीनएज इंजिनिअरिंगचा पीओ-३३, रोलँडचा एसपी-४०४ एसएक्स आणि अकाईचा एमपीसी १०००. साधारण याच क्रमाने किंमत चढत जाते. बहुतेकांनी ४०४ एसएक्स घ्यावा असं माझं मत आहे. मात्र त्याच्या काही खोडी अशा आहेत, की त्या आधी माहीत नसतील तर महिन्याभरात तुम्हीच विकायला काढाल.

पीओ-३३चं पटकन सांगतो. कॅल्क्युलेटरएवढं मशीन, दोन ट्रिपल-ए सेल, आत माइक. दादरच्या फुलबाजारातला ओरडा तिथल्या तिथे पकडून पाच मिनिटांत त्याचा ठेका करता येतो, आणि ती मजा बाकी दोघांत नाही. पण एकूण सॅम्पलिंग ४० सेकंदांचं, आणि पॅटर्न, म्हणजे पुन्हापुन्हा वाजणारा ठेका, १६ स्टेपचा (घरांचा). शिवाय सर्किट बोर्ड उघडा असतो. समुद्राच्या खाऱ्या हवेत दोन-चार पावसाळे काढलेला नग असेल तर बटणांभोवती गंज आहे का, पडद्याला तडा आहे का, हे उजेडात बघा. सिलिकॉनचं कव्हर सोबत मिळत असेल तर सोडू नका.

आता खरा सामना. एसएक्समध्ये १२ पॅड (वाजवायची बटणं) आणि त्यांच्या १० बँका (गट), म्हणजे १२० सॅम्पल (साठवलेले आवाज). सगळं थेट एसडी कार्डावर जातं. एमपीसी १०००मध्ये मात्र सॅम्पल रॅममध्ये असतात. मूळ रॅम १६ एमबी, वाढवून १२८ एमबीपर्यंत जाते, आणि कार्डावर सेव्ह केलं नाही तर वीज गेली की सगळं साफ. वन-बीएचकेत एकाच एक्स्टेंशन बोर्डवर मिक्सर, फोनचा चार्जर आणि तुमचा एमपीसी असेल तर हा मुद्दा किरकोळ नाही. चटणी वाटायला कोणीतरी प्लग काढणारच. एमपीसीला लागणारं सीएफ (कॉम्पॅक्टफ्लॅश) कार्डही आता कोपऱ्यावरच्या मोबाइलच्या दुकानात मिळत नाही. सीएसएमटीजवळच्या बोरा बाजारात, कॅमेऱ्यांच्या जुन्या दुकानांत विचारा. एसएक्स सहा डबल-ए सेलवर चालतो, म्हणून गच्चीवर, मित्राकडे, अगदी विरार लोकलमध्ये खिडकी मिळालीच तर तिथेही.

पण सिक्वेन्सरची, म्हणजे ठोके क्रमाने लावून वाजवणाऱ्या भागाची, गोष्ट निघाली की पारडं फिरतं, आणि आपल्याकडच्या माणसाने इथेच थांबून विचार करावा. तुमच्या बीटमध्ये ढोलकी, पखवाज, टाळ येणार आहेत का? भजनी ठेका आठ मात्रांचा, तो कुठल्याही मशीनवर बसतो. दादऱ्याच्या ६ आणि रूपकाच्या ७ मात्रा पीओच्या १६ स्टेपमध्ये नीट मावत नाहीत. एसएक्समध्ये क्वान्टाइझ (ठोके आपोआप ठरलेल्या जागी बसवणं) बंद करून हाताने वाजवता येतं, किंवा अख्खं आवर्तन एकाच पॅडवर लूप करून ठेवता येतं. पण नुसती तिसऱ्या मात्रेवरची थाप मागे सरकवायची म्हटलं तर सोय नाही. पॅटर्न डोळ्यांना दिसतच नाही. चुकलं की पुन्हा वाजवा. एमपीसीमध्ये सिक्वेन्सला ६/८ किंवा ७/८ सरळ लावता येतं, ६४ ट्रॅक मिळतात, एकेक ठोका उचलून हलवता येतो. स्विंग (मधले ठोके किती मागे सरकतात ते) ५० ते ७५ टक्क्यांमध्ये बदलता येतो, आणि भजनी ठेक्याचा तो डुलता झोल ५०च्या थोडं वर गेलं की सापडायला लागतो. नेमका आकडा कानाने ठरवा.

एसएक्सची दुसरी मोठी उणीव म्हणजे पॅडवर सूर वर-खाली करून चाल वाजवता येत नाही. पेटीचा एकच सूर सॅम्पल करून त्यावरून अख्खी सरगम काढायचा बेत असेल तर एमपीसीच घ्या. उलट जुन्या तबकडीचा तुकडा घ्यायचा, इफेक्टमधून काढायचा, तो पुन्हा सॅम्पल करायचा, परत इफेक्ट, असं आवाज मळवत जाण्यात एसएक्ससारखा गडी नाही. मला स्वतःला हेच जास्त आवडतं, त्यामुळे माझं मत थोडं त्या बाजूला कललेलं आहे हे धरून चाला.

बघायला जाताना स्वतःचा हेडफोन, जाड पिनचा कन्व्हर्टर, कार्ड आणि सेल घेऊन जा. प्रत्येक पॅड हळू आणि जोरात, दोन्ही प्रकारे दाबा. एमपीसीचे पॅड वापरून बधिर होतात, आणि काहींनी ते बदलून घेतलेले असतात, तेही विचारा. त्यात जेजे ओएस (अकाईची नसलेली, बाहेरची ऑपरेटिंग सिस्टीम) टाकलेली आहे का, हेही विचारून घ्या. नॉब फिरवताना खरखर येते का ऐका. काहीतरी रेकॉर्ड करा, सेव्ह करा, मशीन बंद करून चालू करा, मग परत वाजवा. विकणारा यालाच कंटाळा करत असेल तर तिथूनच परत फिरा.

अडॅप्टर हरवलेला एसएक्स स्वस्तात मिळतो. लॅमिंग्टन रोडवर ९ व्होल्टचा अडॅप्टर सहज मिळेल, पण रोलँडला मधली पिन निगेटिव्ह लागते आणि दुकानातले बहुतेक अडॅप्टर उलटे असतात. चिन्ह बघूनच घ्या. परदेशातून आलेल्या एमपीसीच्या मागे छापलेलं व्होल्टेज वाचा. जपानचा १०० व्होल्टवाला नग आपल्या २३० व्होल्टच्या प्लगला थेट लावायचा नाही, मध्ये स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर हवा. त्याचा खर्च आणि वजन दोन्ही किमतीत धरा.

भाव करताना एक मर्यादा आधी ठरवा. एसएक्सचा मालक नव्या ४०४ एमके टूच्या जवळपासचा आकडा सांगू लागला तर जुन्याच्या मागे लागू नका. २०२१च्या त्या मशीनमध्ये १६ जीबी जागा, छोटा पडदा, अन्डू आणि पॅडवर सूर वाजवायची सोय आहे. म्हणजे एसएक्सबद्दलच्या वरच्या निम्म्या तक्रारी तिथेच मिटतात.